पगाराची तारीख : बोरघाटातील दंगलीपासून १९३६च्या वेतन कायद्यापर्यंत

१/
जानेवारी १८५९. मुंबई आणि पुणे यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचे सर्वांत अवघड काम बोरघाटात चालू होते. त्या महिन्यात घाटातील मजूर बिथरले. कामावरील युरोपीय देखरेखदारांवर हल्ला झाला आणि त्यात एक युरोपीय प्राणास मुकला. सरकारने चौकशी केली, तेव्हा समोर आलेले कारण अगदी साधे होते. केलेल्या कामाची मजुरी वेळेवर हाती पडत नव्हती.

२/
मालकाने मजुरी थकवली, बुडवली किंवा दंडाच्या नावाखाली कापली, तर मजुराने दाद कुठे मागावी? या प्रश्नाचे धड उत्तर कायद्याच्या पुस्तकात येण्यास त्या दंगलीनंतर ७७ वर्षे जावी लागली. बोरघाटातून मुंबईच्या गिरणगावात आणि तेथून दिल्लीच्या विधिमंडळात पोहोचलेल्या त्या प्रश्नाची ही हकीकत.

३/
प्रथम बोरघाट. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. दख्खनच्या पठारावर जायचे तर सह्याद्री चढणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६मध्ये घाटाचे काम सुरू केले. सुमारे १६ मैलांची चढण, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे, ८ मोठे पूल. काम ऐन भरात असताना घाटात ४० हजारांवर माणसे राबत होती. त्या काळात एवढी माणसे एकाच कामावर एकत्र येणे ही अपूर्व गोष्ट होती.

४/
या माणसांचा कंपनीशी थेट संबंध मात्र नव्हता. कंपनीने ठेका दिला होता विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराला. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली टोळीतले मजूर. पैसा वरून खाली याच उतरंडीने यायचा. मध्ये कुणी अडवला, कुणी वापरला, कुणी गिळला, तर शेवटच्या मडक्यात काहीच पडत नसे. करार तोंडी, हिशेब मुकादमाच्या डोक्यात आणि दाद मागायची म्हटली तर ज्याने पैसे अडवले त्याच्याकडेच.

५/
दंगलीनंतर थोड्याच आठवड्यांत, मार्च १८५९मध्ये, फॅव्हिएलने ठेका सोडला. तो सॉलोमन ट्रेडवेल याच्याकडे गेला. त्याच वर्षी त्याचाही मृत्यू झाला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने अभियंत्यांच्या मदतीने काम पुढे नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. अभियांत्रिकीच्या इतिहासात बोरघाटाची कथा येथे संपते. कायद्याच्या इतिहासात ती येथून पुढे सुरू होते.

६/
मुंबई इलाख्यात युरोपीय ठेकेदार आणि मजूर यांच्यात उसळलेल्या या तंट्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारने १८६०चा नववा कायदा केला. मालक आणि कामगार यांच्यातील तंट्यांचा हा कायदा रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांपुरता होता. मजुरीच्या तंट्याचा निकाल मॅजिस्ट्रेटने झटपट द्यावा, ही त्यातील चांगली बाजू. मजुराला प्रथमच दाद मागण्यासाठी एक दार मिळाले.

७/
त्याच दाराला दुसरी बाजूही होती. ठरलेले काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला याच कायद्याने तुरुंगात धाडता येत असे. मजुरी थकवणारा ठेकेदार मात्र तुरुंगात जात नसे. फार तर त्याला देणे द्यावे लागे. एकाचा करारभंग म्हणजे गुन्हा आणि दुसऱ्याचा करारभंग म्हणजे नुसती थकबाकी, असा हा हिशेब होता.

८/
या कायद्याला एक थोरला भाऊ होता. बोरघाटात दंगल झाली त्याच वर्षी, १८५९मध्ये, तेरावा कायदा संमत झाला होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा-शहरांतील व्यापारी व कारखानदारांची तक्रार होती की कारागीर आगाऊ रक्कम उचलतात आणि काम न करता निघून जातात. मालकाने फिर्याद दिली की मॅजिस्ट्रेट कामगाराला हुकूम देई : काम पुरे कर, नाहीतर पैसे परत दे. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

९/
या कायद्याच्या प्रस्तावनेतच कामगाराच्या करारभंगाला कपटाचे विशेषण लावलेले होते. लबाड कोण, हे कायद्याने सुरुवातीलाच ठरवून टाकले होते. मालकही लबाडी करू शकतो, ही शक्यता त्याच्या चौकटीत बसतच नव्हती. पुढे हा कायदा इतर भागांतही लागू करण्यात आला. मळ्यांवरील मजुरांना जखडून ठेवण्यासाठी त्याचा वापर झाला.

१०/
खुद्द इंग्लंडमध्ये मात्र वारे निराळे होते. वेतन नाण्यांतच द्यावे, मालाच्या रूपाने देऊ नये, असा कायदा तेथे १८३१मध्येच झाला होता. साध्या करारभंगासाठी कामगाराला तुरुंगात टाकण्याची तरतूद तेथे १८७५ साली रद्द झाली. दंड आणि कपातींवर १८९६मध्ये नवी बंधने आली. यांपैकी काहीच भारतात आले नाही. १८५९चा तेरावा कायदा येथे १९२६पर्यंत जिवंत राहिला आणि १८६०चा नववा कायदा १९३२पर्यंत. मायदेशी जे अन्यायाचे ठरले, ते वसाहतीत आणखी अर्धशतक न्याय म्हणून चालले.

११/
दरम्यान मजुरांची सर्वांत मोठी गर्दी घाटातून मुंबईत सरकली होती. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६मध्ये सुरू झाली आणि पुढील तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा येथे धुराडी उभी राहिली. कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांना येथे मुकादमाच्या जागी जॉबर भेटला. स्त्रियांच्या खात्यांत त्याच कामासाठी नायकीण असे. कामावर घेणे, काढणे, बदलीवर ठेवणे हे सारे जॉबरच्या हाती. नोकरी मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे, हे गुपित कुणापासूनच लपलेले नव्हते.

१२/
गिरणीतील वेतनाची लबाडी घाटातल्यासारखी उघडीवाघडी नव्हती. येथे मजुरी सहसा बुडत नसे. ती उशिरा मिळे आणि कापून मिळे. महिना संपला की हिशेब होई आणि पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला, कधी त्याच्याही नंतर वाटला जाई. कामगाराचे निदान दोन आठवड्यांचे वेतन अशा रीतीने कायम गिरणीत अडकलेले असे. न कळवता काम सोडले तर त्यावर पाणी सोडावे लागे. अडकवलेला पगार हा एक प्रकारचा दोरखंड होता.

१३/
याचा अर्थ आकड्यांत मांडला की नीट ध्यानात येतो. समजा, एका गिरणीत १,००० कामगार आहेत आणि प्रत्येकाचा पगार महिना ३० रुपये. पगार १५ तारखेला होतो. महिनाअखेरीस गिरणी कामगारांचे ३०,००० रुपये देणे लागते आणि पगाराच्या दिवशी तो आकडा ४५,००० रुपयांवर गेलेला असतो. एवढी रक्कम कामगारांनी मालकाला बिनव्याजी वापरायला दिलेली असते. असे कर्ज देणाऱ्यांना त्याचे ना व्याज मिळे, ना पावती.

१४/
इकडे कामगाराच्या घरात चूल तर रोज पेटायची. मग वाण्याकडे उधारी, खाणावळवालीकडे महिनाभराची बाकी आणि आजारपण किंवा लग्न निघाले की सावकार. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता. वर्षाचा हिशेब केला तर तो शेकडा ७५ होतो. ज्याने गिरणीला बिनव्याजी कर्ज दिले होते, तोच माणूस स्वतःच्या पैशाची वाट पाहताना दुसऱ्याकडून पाऊणपट व्याजाने पैसे उचलत होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकार उभे असत, ते यामुळेच.

१५/
आता कपाती. उशीर झाला दंड, सूत तुटले दंड, जॉबरला उलट बोलले दंड. दंड किती आणि कशासाठी हे कुठे लिहिलेले नसे. असले तरी वाचणारे थोडे. ‘डबल खाडा’ हा प्रकार तर विशेष कुप्रसिद्ध होता. रजेवाचून एक दिवस खाडा झाला की काही गिरण्यांत दोन दिवसांचे वेतन कापले जाई. एक दिवस न केलेल्या कामाचा आणि दुसरा प्रत्यक्ष केलेल्या कामाचा.

१६/
विणाई खात्यातील रीत याहून तिखट होती. कापडात दोष निघाला की ते कापडच विणकराच्या गळ्यात मारत आणि त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. दोष सुतात होता, साच्यात होता की विणकराच्या हातात, हे ठरवणारा माणूस गिरणीचाच. कापड सदोष म्हणून परत, पण किंमत मात्र धडक्या मालाची. विणकर मग ते कापड मिळेल त्या भावाला विकून टाकी. माल खपवण्याचा धंदाही अशा रीतीने कामगाराच्याच माथी येई.

१७/
या सगळ्याविरुद्ध पहिला संघटित आवाज उठवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतील हा कार्यकर्ता. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्याने आतली गोम त्यांना ठाऊक होती. १८८०पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. १८८४मध्ये सरकारने कारखान्यांच्या स्थितीविषयी आयोग नेमला, तेव्हा त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले.

१८/
निवेदनात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. कामावर जखमी झालेल्याला बरा होईतो पूर्ण वेतन आणि जन्माचा पांगळा झाला तर निर्वाहाची सोय. आणि पाचवी मागणी : महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावे.

१९/
पाचव्या मागणीत त्या काळाची सारी अवस्था सामावली आहे. पंधरा तारखेला पगार म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी गाळलेल्या घामाचे दाम पंचेचाळिसाव्या दिवशी. तेवढे तरी पाळा, अशी विनवणी करावी लागते, तेव्हा प्रत्यक्षातला उशीर त्याहून मोठा होता हे निराळे सांगायला नको. लोखंडे यांनी पगारवाढ मागितली नव्हती. जे आधीच कमावले आहे, ते कधी मिळणार याची तारीख मागितली होती.

२०/
सुट्टीची मागणी प्रथम फळाला आली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. वेतनाच्या तारखेविषयी मात्र त्या कायद्यात अवाक्षर नव्हते. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत लोखंडे वारले, तेव्हा ती मागणी होती तेथेच होती.

२१/
सुट्टी मिळाली आणि तारीख का मिळाली नाही? एक कारण उघड आहे. कामाचे तास आणि सुट्टी या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. भोंगा वाजतो, फाटक उघडते, बंद होते. निरीक्षक येऊन पाहू शकतो. शिवाय हिंदी गिरण्यांचे तास कमी व्हावेत यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता, त्यामुळे इंग्लंडातून दबावही होता. वेतनाचा हिशेब मात्र गिरणीच्या कचेरीत, मालकाच्या वहीत. तो करारातला खाजगी मामला समजला जाई. त्या वहीत डोकावण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

२२/
पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९२० साली आयटक स्थापन झाली. मुंबई सरकारने १९२१मध्ये कामगार कचेरी सुरू केली आणि वेतन, तास, कर्ज यांची पद्धतशीर नोंद होऊ लागली. दंड आणि कपातींची स्वतंत्र चौकशीही याच कचेरीने केली. १९२६मध्ये कामगार संघांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा आला आणि त्याच वर्षी १८५९चा तेरावा कायदा इतिहासजमा झाला. करार मोडणारा कामगार आता गुन्हेगार राहिला नाही. कमावलेले वेतन रोखून धरणारा मालक मात्र अजूनही मोकळाच होता.

२३/
एप्रिल ते ऑक्टोबर १९२८. मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर होते. वेतनकपात आणि वाढीव साचे हे संपाचे मुख्य मुद्दे. पण संयुक्त संप समितीच्या १७ मागण्यांच्या मागे अशा लहानमोठ्या लुबाडणुकींचा साचलेला संतापही होता. संप मिटल्यावर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे गिरणीचे अंतर्गत नियम प्रथमच उघड्यावर तपासले गेले. मालकाची वही आता खाजगी राहिली नव्हती.

२४/
१९२९मध्ये ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील मजुरांसाठी शाही आयोग नेमला. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१च्या अहवालात आयोगाने कामगारांच्या कर्जबाजारीपणाचे भेदक चित्र रेखाटले. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात होती. दंड, कपाती आणि वेतनाला होणारा उशीर यांवर कायद्याचे नियंत्रण हवे, अशी स्पष्ट शिफारस आयोगाने केली.

२५/
त्यातून साकारला वेतन देण्याविषयीचा १९३६चा चौथा कायदा. २३ एप्रिल १९३६ रोजी त्याला संमती मिळाली आणि २८ मार्च १९३७पासून तो अमलात आला. महिना सरासरी २०० रुपयांपेक्षा कमी वेतन असणाऱ्या कारखाना आणि रेल्वे कामगारांना तो लागू झाला. रेल्वेच्या बाबतीत ठेकेदाराचे आणि पोटठेकेदाराचे मजूरही त्यात नाव घेऊन समाविष्ट केलेले होते. १८५९मध्ये ज्या पायरीवर मजुरी अडकली होती, ती पायरी अखेर कायद्याच्या नजरेत आली.

२६/
तारीख ठरली. एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर वेतनाची मुदत संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत, अधिक असतील तर दहाव्या दिवसाच्या आत. कामावरून काढले तर दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत सारा हिशेब चुकता. वेतन चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यायचे. लोखंडे यांनी ५२ वर्षांपूर्वी पंधरा तारीख मागितली होती; कायद्याने त्याहून अलीकडची दिली.

२७/
कपातींना कुंपण पडले. कायद्यात लिहिलेल्या कारणांखेरीज एक पैही कापता येत नव्हती. दंड कशाकशासाठी होईल याची सरकारमान्य यादी कामाच्या जागी लावणे बंधनकारक झाले. दंडाआधी कामगाराचे म्हणणे ऐकणे आवश्यक. पंधरा वर्षांखालील मुलाला दंड नाही. दंडाची कमाल मर्यादा रुपयामागे अर्धा आणा, म्हणजे ३२ रुपये पगारावर फार तर एक रुपया. जमा झालेला दंड नोंदवहीत चढवायचा आणि कामगारांच्या हितासाठीच खर्चायचा. दंडातून मालकाचा नफा होण्याची वाट बंद झाली.

२८/
खाड्याची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करायची, असे ठरल्याने ‘डबल खाडा’ बेकायदा ठरला. नुकसानीची कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नको आणि तीही कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तरच. तेथेही त्याचे म्हणणे आधी ऐकायचे. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला दिलेली रक्कमही कपातच समजली जाईल, असे एक स्पष्टीकरण कायद्यात होते. पगार पुरा द्यायचा आणि मागच्या दाराने परत घ्यायचा, या युक्तीवर ते नेमके बोट ठेवणारे होते.

२९/
आणखी एक कलम विशेष मोलाचे. या कायद्याने दिलेला हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला, तरी तो करार रद्दबातल. गरजू माणसाकडून कशावरही अंगठा उमटवून घेता येतो, हे शतकभराच्या अनुभवातून कायद्याला उमगले होते. ‘त्याने सही केली आहे’ हे उत्तर यापुढे पुरेसे राहिले नाही.

३०/
दाद मागण्याची रीतही बदलली. कामगार नुकसानभरपाई आयुक्त किंवा न्यायदानाचा अनुभव असलेला अधिकारी तक्रार ऐकणार. अर्जाची मुदत सहा महिने. कामगार स्वतः, वकील, निरीक्षक किंवा नोंदणीकृत संघाचा अधिकृत पदाधिकारी यांपैकी कुणीही अर्ज करू शकत असे. अनेकांचा मिळून एक अर्जही चाले. अन्यायाने कापलेली रक्कम परत देण्याखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम अधिकारी करू शकत होता. एकट्या कामगाराने तोंड उघडले की त्याची नोकरी जाई; म्हणून संघाला मिळालेल्या या अधिकाराचे महत्त्व मोठे.

३१/
कायदा निर्दोष नव्हता. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचनेवाचून गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा मालकाला याच कायद्याने दिली. अचानक होणाऱ्या संपांवरचा तो चाप होता. उशिराच्या वेतनाबद्दलची भरपाई दहा रुपयांपर्यंतच होती. त्रास देण्यासाठी खोटी तक्रार केली असे ठरले तर कामगारालाच ५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. जॉबरला अंधारात दिलेली चिरीमिरी सिद्ध कशी करायची, हा प्रश्न तर उरलाच. हातमाग, विडी, शेती, घरकाम येथील कोट्यवधी माणसे कायद्याच्या कक्षेबाहेरच होती.

३२/
तरीही १९३६च्या कायद्याचे खरे कर्तृत्व ओळखले पाहिजे. त्याने कुणाचे वेतन वाढवले नाही. त्याने चार साध्या वस्तू सक्तीच्या केल्या : एक तारीख, एक नोंदवही, भिंतीवरचा एक कागद आणि तक्रार ऐकणारा एक माणूस. वेतनाची लबाडी नेहमी जेथे तारीख नाही आणि नोंद नाही तेथे वाढते. बोरघाटातील पोटठेकेदाराला आणि गिरणीतील हिशेबनिसाला जी मोकळीक मिळाली, ती अंधारामुळे मिळाली.

३३/
स्वातंत्र्यानंतर या कायद्यात अनेक दुरुस्त्या झाल्या आणि २०१९मध्ये संमत झालेल्या वेतन संहितेत तो विलीन करण्यात आला. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब, दंडाची मर्यादा वेतनाच्या तीन टक्के आणि दावा करण्यास तीन वर्षांची मुदत, अशा तरतुदी तीत आहेत. तीन टक्के ही त्या जुन्या अर्ध्या आण्याचीच दशमान पद्धतीतली आवृत्ती.

३४/
याच संहितेत आणखी एक तरतूद आहे. वेतन दिले नाही किंवा कमी दिले असा दावा झाला, तर ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. १८५९च्या कायद्याने लबाडीचा संशय आधीच कामगाराच्या माथी मारला होता आणि पुरावा मालकाच्या वहीत ठेवला होता. आता ज्याच्या हाती वही, त्यानेच पुरावा द्यायचा.

३५/
हा बदल कुणा एका दयाळू सरकारच्या मनातून उगवला नाही. घाटातील बेनाव मजूर, १८८४च्या निवेदनाखाली सह्या करणारे साडेपाच हजार हात, १८९०च्या सभेत बोलायला उभ्या राहिलेल्या दोन स्त्रिया आणि १९२८मध्ये सहा महिने उपाशीपोटी तग धरणारे गिरणगाव यांनी तो ओढून आणला. आज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार जमा झाल्याचा संदेश येतो, तेव्हा ती तारीख कंपनीची मेहेरबानी वाटू शकते. त्या तारखेची किंमत कामगारांच्या तीन पिढ्यांनी आगाऊ चुकती केलेली आहे.